वन बीएचकेचं फर्निचर: सुताराकडून, तयार, जुनं की लोखंडी?

माझ्या मावसभावाने रत्नागिरीत कुवारबावला वन बीएचके घेतला. चटई क्षेत्र ३८० चौरस फूट. बँकेचा हप्ता सुरू झाल्यावर फर्निचरसाठी दीड लाख उरले. "ताई, सुताराला बोलावू की तयार आणू?" एवढंच त्याने विचारलं. मी मांडवीजवळच्या अशाच लहान फ्लॅटमध्ये नऊ पावसाळे काढलेत. तेव्हा हे उत्तर त्याला, आणि किनाऱ्यावर नवं घर मांडणाऱ्या सगळ्यांनाच.

पुण्यात जे कपाट पंधरा वर्षं टिकतं ते इथे टिकेलच असं नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरात. पाऊस सरला तरी खारा वारा असतोच. त्यात लहान घरात सामान भिंतीला चिकटवूनच ठेवावं लागतं, आणि पश्चिमेची भिंत ओल धरते. म्हणून दुकानात शिरल्यावर किमतीच्या आधी विचारायचं ते हे, की माल कशाचा आहे?

तयार फर्निचर दिसायला देखणं, दोन दिवसांत घरी येतं आणि दोन दारांचं कपाट दहा-बारा हजारांत मिळतं. पण स्वस्तातला बहुतेक माल पार्टिकल बोर्डाचा असतो. म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी, वर चकचकीत कागद. माझं पहिलं कपाट असंच होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची खालची कड पाण्यात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली, कारण लादी पुसताना ओलं फडकं रोज तिथे लागत होतं. मग बिजागरीचे स्क्रू ढिले झाले. पिळायला गेले तर भोकातून नुसता भुसा आला, आणि एकदा भोक मोठं झालं की स्क्रू पुन्हा धरत नाही. मागची पातळ फळी बुरशीने पांढरी पडली होती, साड्यांना तोच वास. दुकानदाराने हात वर केले. पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही हे तेव्हा कळलं. मुलांचं टेबल, टीव्हीखालचा कप्पा, भाड्याच्या घरातलं दोन-तीन वर्षांचं सामान, इथवर तयार माल ठीक. कपड्यांचं कपाट आणि स्वयंपाकघर यांत मी तो पुन्हा आणणार नाही.

सुताराकडून करून घेण्यात मोठा फायदा मापाचा. लहान खोलीत खांबाशेजारचा दीड फुटाचा कोपरासुद्धा कामाला येतो, वर छतापर्यंत माळा होतो, आणि पावसाळ्यातल्या गोधड्या-चादरी कुठे ठेवायच्या हा प्रश्न सुटतो. पण हे काम महाग. शिवाय महिनाभर घरात भुसा, फेव्हिकॉलचा वास आणि रंध्याचा आवाज. खरी मेख प्लायमध्ये आहे. साधा कमर्शियल प्लाय, ज्यावर एमआर लिहिलेलं असतं, तो हवेतला ओलावा सोसतो, पाणी नाही. ओट्याखाली प्लाय लावायचाच असेल तर, आणि न्हाणीच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाला, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, पाणी सोसणारा मरीन प्लायच घ्या. या दर्जाच्या प्लायची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आमच्या सुतारकाकांनी मला एक सोपी गोष्ट शिकवली. कापून उरलेला तळहाताएवढा तुकडा कुकरमध्ये पाण्यात घालून तासभर उकळायचा. बाहेर काढल्यावर थर सुटले, तर शिक्का खोटा. मी उकळला होता. थर तसेच घट्ट होते, मग पुढचे पैसे दिले. प्लाय स्वतः जाऊन, बिल घेऊन आणा. आणि कडांना नुसती पट्टी चिकटवली आहे की आतपर्यंत डिंक भरलाय हेही बघा, कारण पाणी कडेतूनच शिरतं.

जुनं लाकूड हा पर्याय लोक विसरतात, आणि माझा जीव त्यातच जास्त अडकलाय. कोकणात जुनी घरं पाडली जातात तेव्हा सागाच्या, फणसाच्या तुळया, दारं, पलंग कमी भावात निघतात. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं, वर्षांनी तांबूस तपकिरी होतं, आणि गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. माझा पलंग आजोळच्या माजघरातला, सागाचा. रंधा मारून पॉलिश करायला नऊ हजार लागले, बाकी काही नाही. मात्र घेताना पाय उलटा करून बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली रव्यासारखी बारीक पूड दिसली तर भुंगा आहे, तो माल घरात आणू नका. आंब्याच्या लाकडात आणि सागाच्याही बाहेरच्या पांढऱ्या भागात तो लवकर लागतो. जुने पलंग अवजड असतात, तेव्हा जिना आणि दाराचं माप आधी घ्या.

लोखंडी कपाटाला हल्ली कोणी नावाजत नाही, पण किनाऱ्यावर ते सगळ्यांत भरवशाचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावर होतं नव्हतं ते सगळं बुडालं. भुशाच्या फळ्यांचं सगळं फर्निचर टेंपोत भरून फेकावं लागलं. लोखंडी कपाट चिखल धुऊन, घासून, रंग मारून आजही उभं आहे. गंज पायापासून चढतो, म्हणून प्लॅस्टिकचे बूट घालायचे आणि ओरखडा दिसला की लगेच रंग लावायचा. समुद्र अगदी समोर असेल तर दर दोन-तीन वर्षांनी हे करावंच लागतं.

ओट्याखाली तर प्लायसुद्धा नको असं माझं मत झालंय. कडप्पाचे कप्पे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं पाण्याला दाद देत नाहीत, आणि मरीन प्लायच्या ट्रॉल्यांच्या जवळपास निम्म्यात होतात. मॉड्युलर किचनसारखं गुळगुळीत दिसत नाही, हे खरं.

भावाला शेवटी असं लिहून दिलं: ओट्याखाली कडप्पा-अ‍ॅल्युमिनियम २२ हजार, लोखंडी कपाट १६, आजोळचा दुसरा पलंग पॉलिशसह १२, गाद्या १०, घडीचं टेबल आणि चार खुर्च्या ७. झाले ६७ हजार. उरलेले ८३ भिंतीतल्या मोठ्या कपाटासाठी, मरीन प्लायचं, पण ते आत्ता नाही. पहिला पावसाळा रिकाम्या भिंतींसोबत काढ, कुठे ओल येते तिथे पेन्सिलने खूण कर, आणि दसऱ्यानंतर सुतारकाकांना बोलावून ती खूण दाखव. कपाट त्या भिंतीला लावायचं नाही.