क्यूएची नोकरी: औषध कंपनीत की वैद्यकीय उपकरणांच्या?

बी. फार्म. झालेल्यांना औषध कंपनीतलं क्यूए, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, गुणवत्तेची खात्री करण्याचं काम, ओळखीचं असतं. तारापूर असो वा गोव्यातलं वेर्णा, कामाचा गाभा तोच: बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाची एक खेप कशी बनली याची नोंद, पानापानाने तपासणं. लाइन क्लिअरन्स, म्हणजे यंत्रावर नवी बॅच सुरू करायला हिरवा कंदील, देताना आधीच्या बॅचची एखादी गोळी, एखादं लेबल यंत्राखाली राहिलेलं नाही ना, हे वाकून स्वतः बघावं लागतं. नोंदींत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच रेघ, शेजारी सही, तारीख आणि कारण. ही शिस्त अंगात मुरते, म्हणून फार्मसीच्या मुलामुलींनी सुरुवात इथूनच करावी असं मला ठामपणे वाटतं. शिफ्ट आणि ऑडिटच्या आधीची धावपळ मात्र सोसायची तयारी हवी.

उपकरणांचं काम वेगळ्या टोकापासून सुरू होतं. शिरेतून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप मध्येच बंद पडला तर रुग्णाचं काय होईल, हे डिझाइनच्या टप्प्यावरच विचारावं लागतं. उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं आयएसओ १३४८५ आणि जोखीम व्यवस्थापनाचं १४९७१ ही आंतरराष्ट्रीय मानकं नीट वाचलेली हवीत. भारतात २०१७ च्या नियमांनी उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग केले. जोखीम जास्त, तशी तपासणी कडक. बायोमेडिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तर इकडेच यावं.