‘कारेकानो’ : मध्येच थांबलेली ॲनिमे की एकवीस खंडांची मंगा?

मासामी त्सुदा यांच्या ‘कारेशी कानोजो नो जिजो’ या शाळकरी प्रेमकथेकडे, म्हणजेच चाहत्यांच्या तोंडी रुळलेल्या ‘कारेकानो’कडे, वळू पाहणाऱ्यासमोर दोन वाटा आहेत. एक वाट मूळ मंगेची, म्हणजे जपानी चित्रकथेची, जी ‘लाला’ मासिकात १९९६ पासून २००५ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि २१ खंडांत पूर्ण झाली. दुसरी वाट गाइनॅक्स स्टुडिओच्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिकेची. तिचे २६ भाग टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर १९९८ ते मार्च १९९९ या काळात दाखवले गेले. वेळ थोडा असेल तर मालिका पाहावी आणि सवड असेल तर मंगा वाचावी, हा सोपा हिशेब येथे चालत नाही, कारण मालिका म्हणजे मंगेचा संक्षेप नव्हे. ती साधारण पहिल्या सात खंडांपर्यंत पोचते आणि शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवाची तयारी चालू असतानाच थांबते.

कथेचा आरंभ दोन्हीकडे सारखाच आहे. मियाझावा युकिनो ही शाळेत सर्वगुणसंपन्न म्हणून मिरवणारी मुलगी घरी जाड चष्मा आणि जुना ट्रॅकसूट घालून, केस कसेतरी बांधून घोकंपट्टी करत बसते, आणि हा सारा खटाटोप केवळ लोकांनी वाहवा करावी म्हणून असतो. आरिमा सोइचिरो हा मुलगा पहिल्या क्रमांकावरून तिला सहज खाली ढकलतो. पुढे तिचे खरे रूप त्याला दिसते, आणि ते गुपित हाताशी धरून तो आपली कामे तिच्याकडून करून घेऊ लागतो. दोन मुखवटे समोरासमोर आले की आधी खटके उडतात आणि मग जवळीक होते, एवढ्यावर कितीतरी शोजो (किशोरवयीन मुलींसाठीच्या) मंगा निभावून गेल्या आहेत. त्सुदा मात्र या दोघांना लवकर एकत्र आणतात आणि ‘पुढे काय’ हा प्रश्न उरलेल्या खंडांसाठी राखून ठेवतात.

मालिकेचे पहिले दहा-बारा भाग पाहताना निराशेची पुसटशीही शंका येत नाही. ‘नियॉन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही महाकाय यंत्रांच्या लढायांची विज्ञानकथा पूर्ण करून आलेले दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी शाळकरी प्रेमकथा हाती घ्यावी, हेच मुळात अनेकांना नवल वाटले असेल. पण मंगेचे पान पडद्यावर कसे आणावे याचा इतका बारकाईने विचार केलेली उदाहरणे मला फारशी आठवत नाहीत. मंगेतल्या चौकटी, मनातल्या वाक्यांची पडद्यावर उमटणारी अक्षरे, ठिपक्यांच्या छटा, मधूनच येणारा वाहतुकीचा सिग्नल किंवा आकाशात ताणलेल्या विजेच्या तारा, यांतून युकिनोचे विचार तिच्या बोलण्याच्याही पुढे धावतात. अत्सुको एनोमोतो यांनी युकिनोला दिलेला आवाज एका क्षणी मधाळ आणि दुसऱ्या क्षणी चवताळलेला असतो, आणि त्या बदलातला विनोद कागदावर तितका उतरत नाही. मियाझावांचे गजबजलेले घर, त्सुकिनो आणि कानो या धाकट्या बहिणींचा आगाऊपणा, शिरो सागिसु यांचे संगीत, या सगळ्यात मालिका मंगेच्या सुरुवातीच्या खंडांपेक्षा सरस आहे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. त्या खंडांतली त्सुदा यांची रेषा अजून चाचपडणारी आहे आणि पार्श्वभूमी बहुधा कोरीच असते.

मग मालिका ढासळते. मध्यावर आणि पुन्हा शेवटाजवळ मागच्या कथेच्या उजळणीत वेळ जातो, आन्नो उत्तरार्धात मुख्य दिग्दर्शनातून बाजूला होतात, आणि एकोणिसाव्या भागात तर पात्रे कागदातून कापलेल्या, काडीवर नाचवलेल्या बाहुल्यांच्या रूपात येतात. हा प्रयोग होता की नाइलाज, यावर चाहत्यांत अजूनही वाद होतात. मला त्या एका भागाची तक्रार नाही, कारण त्यात निदान खट्याळपणा आहे. तक्रार आहे ती त्याच्या आगेमागे येणाऱ्या स्थिर चित्रांची. आरंभी स्थिर चित्र दिसे तेव्हा युकिनोचे मन त्या क्षणावर थबकलेले असे; पुढे तेच तंत्र केवळ चित्रे कमी काढावी लागावीत म्हणून वापरल्यासारखे वाटते. अभिनय तोच, संगीत तेच, तरीही दृश्यातला जीव गेलेला असतो.

मालिकेतला विनोदावरचा भर मूळ लेखिकेला रुचला नव्हता, असे सांगितले जाते. मंगा पुढपर्यंत वाचली की ही नाराजी समजते. ‘कारेकानो’चा खरा विषय युकिनोची फजिती हा नसून आरिमाच्या मनातला अंधार हा आहे. काका-काकूंनी मायेने वाढवलेला, पण आईवडिलांच्या करणीमुळे नातेवाइकांच्या नजरेत कायम डागाळलेला हा मुलगा निर्दोष राहण्याची धडपड का करतो, याची चुणूक मालिकेत दिसते आणि तेथेच राहते. मंगेत हा धागा खंडामागून खंड ताणला जातो. युकिनोवरचे त्याचे प्रेमच त्याच्या भीतीला खतपाणी घालू लागते, आणि तो एक नवा, अधिक सराईत मुखवटा चढवतो. मालिकेत ज्या नाटकाच्या केवळ तालमी दिसतात, ते मंगेत प्रत्यक्ष रंगमंचावर होते, आणि त्या प्रयोगातून आरिमाविषयीही बरेच काही उमगते.

मंगेच्या बाजूने सारेच आलबेल आहे, असे मात्र नाही. उत्तरार्धात कौटुंबिक शोकनाट्य इतके वरचढ होते की युकिनो, जिच्या तोंडाळ, हिशेबी स्वभावावर आपण लुब्ध झालेलो असतो, ती बरेच दिवस कडेला उभी राहते. मैत्रिणींच्या उपकथा काही ठिकाणी मुख्य कथेची वाट अडवतात, आणि अखेरच्या खंडातली एक जुळणी आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही. शिवाय मिळवण्याची अडचण आहेच: टोकियोपॉपने काढलेल्या इंग्रजी खंडांच्या बहुधा जुन्या प्रतीच शोधाव्या लागतात.

ज्याला हलकीफुलकी शाळकरी प्रेमकथा हवी आहे आणि शेवटाची आस नाही, त्याने मालिकेचे पहिले तेरा भाग पाहावेत आणि चौदाव्याला हात लावू नये. तोवर दोघांची जोडी जमलेली असते आणि अपुरेपणा जाणवत नाही. ज्याला अर्धवट कथा सहन होत नाही, त्याने मालिकेच्या वाटेला न जाता थेट मंगा घ्यावी. दोन्ही करायचे असेल तर क्रम मालिका आधी आणि मंगा नंतर, असा ठेवावा, पण पाहिलेला भाग गाळून आठव्या खंडापासून वाचायला बसू नये. पहिल्या खंडांत आरिमाच्या चेहऱ्यावर काही चौकटींपुरती येणारी निर्विकार नजर मालिकेच्या धावपळीत निसटते, आणि पुढच्या बारा-तेरा खंडांचे बीज तिच्यातच आहे.