आठ महिने चिरोरीसोबत: साके शिकताना घेतलेल्या सामानाचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी तीन वस्तू घेतल्या. अ‍ॅल्युमिनियमची एक चिरोरी, म्हणजे साके (तांदळापासूनचं जपानी मद्य) गरम करायचं कानाचं उभं भांडं. दोन किकिचोको, म्हणजे साके चाखण्याचे चिनीमातीचे पेले. आणि एक साधा डिजिटल थर्मामीटर. सगळं मिळून सहा हजार येनच्या आत. त्याआधी साकेच्या तीन दिवसांच्या वर्गाला याच्या कितीतरी पट पैसे मोजले होते. आठ महिने जवळपास रोज वापरल्यावर सांगते, साके मला कळली ती या चिरोरीमुळे.

मी मूळची नाशिकची. हॉटेल मॅनेजमेंट केल्यावर तिथल्याच एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये चार वर्षं होते. आता कोबेच्या एका हॉटेलात पेयांच्या विभागात आहे. जपानमध्ये सर्वांत जास्त साके जिथे बनते ते नादा याच शहरात आणि शेजारच्या निशिनोमियात पसरलेलं, त्यामुळे आमच्या यादीत वाइनपेक्षा साकेच्या बाटल्या जास्त. मी मात्र वाइनच्या सवयी घेऊन आले होते. बाटली थंड, ग्लास मोठा, आधी वास, मग घोट.

वर्गात भर होता तो प्रतवारीवर. तांदूळ किती सडला, म्हणजे घासून त्याचा बाहेरचा थर किती काढला, यावर साकेचं नाव ठरतं. होंजोझोला तांदळाचा दाणा ७० टक्के किंवा त्याहून कमी उरवायचा, गिंजोला ६०, दाईगिंजोला ५०. इथे आकडा उरलेल्या दाण्याचा असतो, काढलेल्या कोंड्याचा नाही. हे पाहुण्यांना उलटं सांगणारे वेटर मी पाहिले आहेत. जुनमाई म्हणजे फक्त तांदूळ, पाणी आणि कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ), वरून अल्कोहोल घातलेलं नाही. तिला २००४ पासून सडण्याची मर्यादाच उरलेली नाही. आमच्या घरी हातसडीचा तांदूळ चांगला, कारण त्यावर कोंडा राहतो. इथे दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं नको असतात, म्हणून आतल्या पांढऱ्या पिठूळ गाभ्यापर्यंत पोचायची धडपड. हे डोक्यात पक्कं बसलं आणि सरळ हिशेब झाला: जितका जास्त सडलेला तांदूळ, तितकी भारी साके. दोन महिने मी तसंच विकलं.

मग एका संध्याकाळी कोबेचेच एक वयस्कर गृहस्थ आले. यादीतली सगळ्यात स्वस्त होंजोझो त्यांनी नुरुकान मागितली, म्हणजे ४० अंशांवर. आम्ही तोक्कुरी, म्हणजे साके वाढायची छोटी सुरई, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. तोक्कुरीची मान अरुंद, त्यामुळे वरची साके कढत आणि तळाची गारच. त्यांनी एक पेला घेतला, मान लववून आभार मानले आणि उरलेली तशीच ठेवून गेले. मला फार लागलं ते. जुन्या जपानी भोजनगृहांत साके गरम करायला वेगळा माणूस असायचा, त्याला ओकानबान म्हणतात. इतक्या मोठ्या हॉटेलात ते काम आम्ही एका बटणावर सोडलं होतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी चिरोरी घेतली.

वापरायची रीत सोपी आहे. पातेल्यात पाणी उकळायचं आणि गॅस बंद करायचा. चिरोरी गळ्यापासून जरा खालीच भरायची, कारण साके तापली की फुगते. मग ती साकेच्या पातळीपर्यंत पाण्यात बुडवायची. अ‍ॅल्युमिनियम पटकन तापतं. दोन-अडीच मिनिटांत माझी एक गो, म्हणजे १८० मिली, ४० अंशांवर येते. मध्ये एकदा हलक्या हाताने ढवळायचं. तोक्कुरी आधी गरम पाण्याने शेकून घ्यायची, नाहीतर ओतताच दोन-तीन अंश उतरतात.

पहिल्याच आठवड्यात एकच बाटली मी सहा तापमानांवर चाखली. जपानीत या पायऱ्यांना नावं आहेत. ५ अंश म्हणजे युकिबिए, बर्फाचा गारवा. १० म्हणजे हानाबिए, फुलाचा गारवा. ३० ला हिनाताकान, उन्हाची ऊब. ३५ ला हितोहादाकान, माणसाच्या अंगाची ऊब. मग नुरुकान ४०, जोकान ४५, आत्सुकान ५० आणि तोबिकिरीकान ५५. आपल्याकडचे कोमट, ऊन, कढत हे शब्द जणू अंश ठरवून मांडले आहेत. वर्गात ही नावं एका स्लाइडवर होती आणि दहा मिनिटांत संपली. चाखायला दिलेली प्रत्येक साके फ्रिजमधून काढलेली, प्लास्टिकच्या कपात. एवढे पैसे घेऊन एकही साके गरम करून न देणं ही त्या वर्गाची मोठी उणीव वाटते. दोष ओळखायला आणि लेबल वाचायला मात्र त्यांनी उत्तम शिकवलं.

माझी पहिली बाटली नादाची किमोतो होती. किमोतो पद्धतीत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू आपोआप वाढू देतात. आंबवणाची ही सुरुवात व्हायला महिनाभर लागतो. १९१० च्या सुमारास आलेल्या सोकुजो पद्धतीत तयार आम्ल घालतात आणि दोन आठवड्यांत काम होतं. विरजण आपलं आपण लागण्याची वाट बघावी तसं किमोतोचं आहे. १० अंशांना ती मला बंद दारासारखी वाटली: कडक, आंबट, जरा लाकडी. ४५ ला तीच साके पेजेसारखी गोडसर आणि गोल झाली, मागून अळंबीची चव आली आणि आंबटपणाची टोकं बोथट झाली. वाइनमध्ये असं मी कधी अनुभवलं नव्हतं. उलट दाईगिंजो ५० अंशांवर नेली, तर फळांचा वास उडून गेला आणि उरला नाकात चढणारा अल्कोहोल. ती १०–१२ अंशांना द्यावी. यादीतली महाग बाटली आणि स्वस्त बाटली यांच्यात मोठी-धाकटी असं काही नाही, त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा पटलं.

नादाची साके गरम का शोभते, हे सुट्टीच्या दिवशी हानशिन रेल्वेने उओझाकी, सुमियोशी भागात हिंडताना उमगलं. निशिनोमियाचं मियामिझु पाणी, ज्याचा गुण १८४० मध्ये ओळखला गेला, त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर, लोह अगदी कमी. यीस्ट जोरात काम करतं, साखर कमी उरते, साके कोरडी आणि ताठ होते. म्हणून तिला पुरुषी म्हणायचे, आणि क्योतोच्या फुशिमीतल्या मऊ पाण्याच्या साकेला बायकी. पाहुण्यांना सांगताना मी हे शब्द टाळते, ताठ आणि मऊ म्हणते, तेवढ्यात अर्थ पोचतो. इथली जुनी लाकडी साकेघरं १९९५ च्या भूकंपात मोठ्या संख्येने कोसळली. आज दिसतात त्या संग्रहालयांतली काही त्यानंतर पुन्हा उभी राहिलेली आहेत. त्या इमारतींत उभं राहिलं की घसा दाटतो.

किकिचोको पांढराशुभ्र, तळाशी निळी दोन वर्तुळं. पांढऱ्यावर रंगाची छटा दिसते, निळ्या-पांढऱ्याच्या कडेवर साके किती नितळ आहे ते कळतं. रोजच्या तपासणीला याच्यासारखं काही नाही. गिंजोच्या वासासाठी मात्र मी अजूनही वाइनचा छोटा ग्लासच घेते. पसरट तोंडाच्या पेल्यात वास टिकत नाही. चाखलेली साके मी थुंकते. सायकलने घरी जाते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून इथे पिऊन सायकल चालवण्यावरही कडक कायदा आहे.

चिरोरीबद्दल तक्रारी आहेत. कान तापतो, फडक्याशिवाय धरवत नाही. एक गो मापाची चिरोरी दोन पाहुण्यांना अपुरी पडते, हॉटेलसाठी दोन गो मापाचीच घ्यावी. थर्मामीटर वाफेने चौथ्या महिन्यात बंद पडला. दुसरा घेताना पाणी न शिरणारा बघून घेतला.

एक चूक सांगायलाच हवी, कारण ती महागात पडली. फेब्रुवारीत नामा आली, म्हणजे ६०–६५ अंशांवर तापवून जंतुमुक्त न केलेली साके. आमच्याकडे ती खोकी दोन दिवस कोठारात बाहेरच राहिली. ताज्या नाशपातीसारखी असायला हवी होती, ती उग्र आणि शिळी झाली. सहा बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. आता प्रत्येक बाटलीवर मी उघडल्याची तारीख लिहिते आणि नामाची खोकी माझ्या हाताने फ्रिजमध्ये जातात.

पाहुण्यांसमोर हे सगळं कामाला येतं. महाराष्ट्रातून येणारी मंडळी साके व्होडकासारखी एका घोटात संपवायला बघतात. मी सांगते, ही साधारण १५–१६ टक्क्यांची, वाइनच्या जवळची, सावकाश घ्या. पुण्याच्या एका काकूंनी विचारलं, “अगं, ही बुरशीपासून करतात म्हणे?” मी म्हटलं, “हो काकू, कोजी म्हणजे बुरशीच. सोया सॉसही तिच्यावरच होतो. आणि कोजीच्या साह्याने साके करायच्या या विद्येला २०२४ मध्ये युनेस्कोने वारशाचा मान दिलाय.” त्यांनी नुरुकानचे दोन घोट घेतले आणि पेला यजमानांकडे सरकवला, “तुम्हीपण बघा.” घरी मी तळलेल्या सुरमईबरोबर जोकान किमोतो घेऊन पाहिली. हळद, तिखट आणि तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत कडा तिने छान सांभाळल्या. वाइनपेक्षा आम्ल कमी, टॅनिनचा तुरटपणा नाही, त्यामुळे तिखट जास्त भडकत नाही.

शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी वर्ग लावावा, पण चिरोरी वर्गाच्या आधी घ्यावी. बाटल्या तीन पुरेत: एक होंजोझो, एक किमोतो किंवा यामाहाई (किमोतोचीच जरा सोपी केलेली पद्धत), एक गिंजो. मी आता कथिलाच्या चिरोरीसाठी पैसे साठवते आहे. इथले जुने लोक म्हणतात, तिच्यात साके मऊ लागते. ते गृहस्थ मार्चमध्ये पुन्हा आले होते. तीच होंजोझो, ४० अंश. या वेळी तोक्कुरी रिकामी झाली आणि त्यांनी दुसरी मागवली.