बालीहून आणलेला चोबेक आणि बासा गेनेप: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. बालीतल्या उबुड गावाजवळचा कुकिंग क्लास: पैसे वसूल, पण जाहिरातीत जे दाखवतात त्यासाठी नाही. तिथून ओझं वाहून आणलेला चोबेक, म्हणजे मसाला वाटायचं दगडी ताट: ओट्यावरून हललेला नाही. बासा गेनेप, म्हणजे बालीच्या जवळपास प्रत्येक तिखट पदार्थाच्या मुळाशी असलेलं वाटण: फ्रीजरमध्ये त्याचा एक डबा कायम असतो. आणि क्लासमध्ये हौसेने शिकलेले निम्मे पदार्थ इथे आल्यावर परत केलेच नाहीत.

ते का, हे आधी बघू. पर्यटकांसाठीच्या क्लासचा मेन्यू वाचलात तर त्यात गादो-गादो, शेंगदाण्याच्या सॉसमधलं चिकन साते, नासी गोरेंग हमखास असतं. चविष्ट असतं, पण ते सगळ्या इंडोनेशियात मिळतं आणि त्यातलं बरंचसं जावाकडचं. खास बालीचं म्हणजे लावार, साते लिलित, तुम (केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला मसालेदार खिमा), बेतुतू, जुकुत आरेस, सांबल मताह (सांबल म्हणजे तिखट चटणी). बुकिंग करताना मेन्यूत यातले किमान तीन पदार्थ आहेत का ते बघा. नसतील तर पुढच्या क्लासकडे वळा. मी गेले होते तेव्हा असे क्लास माणशी साधारण साडेतीन ते पाच लाख रुपियाला मिळत होते. आकडा ऐकून दचकू नका, हजार रुपियाचे आपले पाच रुपये धरा. त्यात सकाळचा बाजार धरलेला असेल तर तोच घ्या. उजाडताना भरणारा बाजार आणि नऊ वाजताचा बाजार यांत फार फरक आहे. उशिरा गेलात तर लाकडी मांजरं आणि सारोंग तेवढे दिसतील.

क्लासमध्ये खरं शिकायला मिळालं ते मेन्यूच्या बाहेरचं. आम्हाला शिकवणाऱ्या इबूंनी (तिथे बाईंना आदराने असं म्हणतात) स्वयंपाक झाल्यावर आम्हाला लगेच जेवायला बसूच दिलं नाही. आधी केळीच्या पानाच्या छोट्या तुकड्यांवर भाताची चिमूट आणि मीठ ठेवून ते चुलीपाशी, विहिरीपाशी, अंगणातल्या देवळीपाशी ठेवून आल्या. याला सैबान म्हणतात आणि रोज सकाळी घरचं अन्न शिजलं की हे आधी होतं. नैवेद्य दाखवल्याशिवाय पानं न वाढणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नवल पुढे आहे. बालीच्या घरात स्वयंपाक सहसा सकाळी एकदाच होतो. भात, एखादी भाजी, थोडं मासळी-मटण, सांबल असं झाकून ठेवतात, आणि ज्याला जशी भूक लागेल तसा तो वाढून घेतो, बहुतेकदा एकटाच. पंगत बसते ती सणासमारंभाला. पूर्वेकडच्या कारांगासम भागात तर मेगिबुंग म्हणून एकाच मोठ्या ताटाभोवती बसून जेवायची रीत आहे.

म्हणजे तिथलं अन्न दोन प्रकारचं, रोजचं आणि देवाधर्माचं. क्लास या दोन्हींच्या मधलं काहीतरी शिकवतो. लावारचंच घ्या. गालुंगानचा सण दर २१० दिवसांनी येतो, आणि त्याच्या आदल्या दिवशी डुकरं कापतात. समारंभाचा असा मोठा स्वयंपाक पुरुषांकडे असतो. पहाटेच्या अंधारात वस्तीतले पुरुष लाकडी ठोकळ्यांसमोर मांडी घालून बसतात आणि जड सुऱ्यांनी मांस, मसाला बारीक कापत राहतात. त्याला मेबात म्हणतात. मग किसलेलं भाजकं खोबरं, शेवग्याच्या शेंगांसारख्या लांब चवळीच्या शेंगा किंवा कच्चा फणस, मांस, मसाला आणि लाल लावार असेल तर ताजं रक्त, हे सगळं हाताने कालवतात. दुपारपर्यंत खाऊन संपवायचं, कारण ते टिकत नाही. क्लासमध्ये याची शेंगा-खोबऱ्याची सौम्य आवृत्ती करतात, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर तीच घरी आली.

आता बासा गेनेप. मी आता वापरते ते प्रमाण असं: पाव किलो सांबाराचे छोटे कांदे, त्याच्या निम्मा लसूण, मूठभर ओल्या लाल मिरच्या, ७५ ग्रॅम ओली हळद, तेवढंच कुलिंजन, ५० ग्रॅम आलं, २५ ग्रॅम केंचूर, ५० ग्रॅम केमिरी, चमचा-चमचा धणे आणि मिरी, अर्धं जायफळ, तीन-चार लवंगा, दोन-तीन पिंपळ्या, चमचाभर तेरासी, आणि माडाच्या गुळाचा खडा. यादी लांबलचक दिसते, पण यातलं अर्धं सामान आपल्या घरात असतंच.

अडतं ते उरलेल्या अर्ध्यात. कुलिंजन मोठ्या शहरात थाई आलं म्हणून मिळतं. घेताना वरची साल गुलाबीसर आणि ताणलेली हवी. सुरकुतलेलं घेतलंत तर चोथाच हाती येईल. केमिरी म्हणजे पांढरा, तेलकट दाणा. तो कच्चा खायचा नसतो, पोट बिघडतं. इथे त्याऐवजी काजू घालते आणि दाटपणा तोच येतो. ओली हळद हिवाळ्यात मुबलक मिळते, तेव्हाच वर्षाची बेगमी करून ठेवते. गवती चहाची गंमत अशी की आपण पात चहात टाकतो आणि बालीत खालचा पांढरा दांडा वापरतात. भाजीवाल्याच्या जुडीत तो दांडा कापलेलाच असतो. कुंडीत ठोंब लावलात तर मुळापासून उपटता येतो, बारीक असला तरी वास तोच. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. तो संपला तेव्हा मी भाजलेल्या जवळ्याची पूड घातली. खमंगपणा आला, आंबलेली खोल चव नाही आली. तिथे वाटणाला वास यायला सालामचं पान घालतात, त्याला मात्र पर्याय सापडला नाही. ते झाड जांभळाच्याच प्रजातीतलं आहे, पण तमालपत्र घातलं तर वाटणाला बिर्याणीचा वास लागतो, म्हणून मी काहीच घालत नाही.

राहिला केंचूर, आणि माझ्या मते सगळी मेख यातच आहे. दिसायला आल्याच्या पिल्लासारखा, वास कापराची झाक असलेला, मातकट. हा नसेल तर तुमचं वाटण चांगलं लागेल, पण ते थाई की मलेशियन की नुसतंच मसालेदार, हे कळणार नाही. केरळी लोक याला कच्चोलम म्हणतात, त्यामुळे केरळी दुकानात सुका मिळतो. सुका थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवून वापरते. चालतो. ओला मिळाला तर सोडू नका.

पिंपळी घालताना सासूबाईंनी पाहिलं. “अगं, पिंपळी मधातून चाटवायची असते खोकल्याला. भाजीत कशाला?” त्यांचं म्हणणं अगदी रास्त, आपल्याकडे ती औषधाच्या डब्यातच राहते. बालीत तिची सख्खी बहीण म्हणावी अशी लांब मिरी रोजच्या मसाल्यात असते. तिचा तिखटपणा मिऱ्यासारखा जिभेवर लगेच चढत नाही, मागून येतो आणि बराच वेळ राहतो.

वाटायचा क्रम महत्त्वाचा. आधी जाडं मीठ आणि कोरडे मसाले, मग काजू, मग कंद बारीक चिरून, आणि कांदा-लसूण सर्वांत शेवटी, कारण त्यांना पाणी सुटतं आणि पाणी सुटलं की बाकीचं सगळं दगडावर घसरायला लागतं. मग खोबरेल तेलात मंद आचेवर परतायचं. खाण्याचं खोबरेल, हे सांगायला नको, तरी सांगते. सुरुवातीला वाटण कच्चं, उग्र, डोळ्यांना झोंबणारं असतं. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी आटतं, आवाज बदलतो, फसफस थांबून तडतड सुरू होते, कडेला पिवळं तेल सुटतं आणि हळदीचा पिवळा रंग तांबूस सोनेरीकडे झुकतो. तिथे गॅस बंद. क्लासच्या छापील कागदावर या पायरीला ‘परतून घ्या’ एवढे दोनच शब्द होते. निम्मी चव या पायरीवर ठरते, तेव्हा वहीत हे स्वतः लिहून घ्या.

मिक्सर चालतो का? चालतो, अर्ध्या पदार्थांना. पात्याला फिरायला पाणी लागतं. पाण्याऐवजी तेल घाला, नाहीतर परतायला दुप्पट वेळ जातो. रस्सा, चिकन, तुम यांना मिक्सरचं वाटण चालून जातं. साते लिलित आणि लावारला मात्र दगडावरचंच हवं. मिक्सर सगळ्याचा गुळगुळीत फेसाळ लगदा करतो. दगडावर कंद चिरडले जातात, त्यांचा कण राहतो आणि तो कण दाताखाली लागतो.

आता दगडाबद्दल. चोबेक म्हणजे उथळ, रुंद दगडी ताट, आणि त्याचा बत्ता, उलेकान, मुठीपाशी वाकडा. याने कुटायचं नाही. मनगट फिरवत बत्ता पुढे-मागे लोळवायचा आणि दाबायचा. खलबत्त्याची सवय असलेला हात पहिले काही दिवस उगाच आपटत राहतो. पाट्यावर वाटलेल्यांना लवकर जमेल, फक्त हे उभ्याने ओट्यावर होतं, गुडघ्यांचा प्रश्न नाही.

घेताना सावध. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका दुकानात मला जो काळा तुकतुकीत चोबेक दाखवला तो सिमेंटचा होता. नखाने खरवडला तर राखाडी भुकटी आली, आणि दुकानदार शांतपणे म्हणाला की ही धूळ आहे. खरा दगड ज्वालामुखीचा असतो, त्याला बारीक छिद्रं दिसतात, दोन कडा कधी हुबेहूब सारख्या नसतात आणि आकाराच्या मानाने जड लागतो. यातले बरेचसे जावातल्या मेरापी ज्वालामुखीजवळच्या मुंतिलान गावाकडून येतात, तिथे दगडकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. स्थानिक बाजारात, भांडी आणि झाडू विकणाऱ्या बाईकडे घ्या. मध्यम आकाराचा घेतलात तरी चार-पाच किलोचं ओझं होतं, ते चेक-इन बॅगेतच टाका. ओले कंद आणि पानं मात्र आणायच्या फंदात पडू नका, वनस्पतींच्या आयातीचे नियम आहेत.

घरी आल्यावर मूठ-मूठ तांदूळ आणि जाडं मीठ घालून वाटत राहायचं, पीठ पांढरं निघेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, टीव्हीसमोर करा. नंतर साबण लावायचा नाही. गरम पाणी, नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि ऊन. तक्रार एकच: पावसाळ्यात ऊन नसतं आणि छिद्रांत राहिलेली तेरासी मग आपलं अस्तित्व दाखवते. श्रावणात तर हा प्रश्न घरगुती वादापर्यंत गेला. तोडगा असा निघाला की तेरासी दगडावर येतच नाही. ती वेगळी भाजून, चुरून, परतताना कढईत घालते, आणि सासूबाईंसाठी बाजूला काढायच्या वाटणात घालतच नाही. बालीत शाकाहारी जेवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: नुसत्या पालेभाजीच्या सांबलमध्येही तेरासी असू शकते. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, एवढं पाठ करून जा. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू सगळीकडे मिळतात, उपाशी राहणार नाही.

कशाला किती वेळा हात लागतो म्हणाल तर सांबल मताह पहिला. यात वाटायचंही काही नाही: छोटे कांदे, गवती चहाचा कोवळा दांडा, मिरच्या कागदासारख्या पातळ चिरायच्या, मीठ, लिंबू, वरून कडकडीत खोबरेल. तळलेल्या बांगड्यावर घाला आणि मग मला सांगा. दुसरा उरब, उकडलेल्या भाज्यांना ओलं खोबरं आणि परतलेलं वाटण, डब्यात नेते. तिसरा साते लिलित. सुरमईचा खिमा, खोबरं, वाटण एकत्र मळून गवती चहाच्या दांड्यावर थापायचं आणि तव्यावर भाजायचं. कोळशावर जास्त चांगलं होतं, पण सोसायटीच्या बाल्कनीत कोळसा पेटवायची परवानगी नाही.

बेतुतू मात्र इथे करण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. मसाला भरलेलं बदक किंवा कोंबडी पानांत, सुपारीच्या विरीत गुंडाळून भाताच्या तुसाच्या निखाऱ्यात तासन्‌तास ठेवतात. कुकरमध्ये केलेलं नुसतं मसाल्याचं चिकन लागतं. ते तिथेच खा. तिखट झेपत असेल तर पश्चिम टोकाच्या गिलिमानुकचं. जुकुत आरेस, केळीच्या कोवळ्या गाभ्याचा रस्सा, कोकणातल्या वाचकांना सहज जमेल, मला शहरात गाभा मिळत नाही.

गोडाचं थोडक्यात: दादार गुलुंग, म्हणजे खोबरं-गुळाचं सारण भरलेली हिरवी घावनं, मुलांना आवडतात. मोदकाचं सारण उरलं की त्याचीच करते.

जायचं ठरवत असाल तर तारखा बघा. न्येपीच्या दिवशी बालीत विमानतळही चोवीस तास बंद असतो, कोणी बाहेर पडत नाही आणि विस्तव पेटवायचा नाही म्हणून चूलही पेटत नाही. बालीचं हे नवीन वर्ष शकाचंच, त्यामुळे ते पुष्कळदा पाडव्याच्या आसपास येतं. २०२३ साली दोन्ही २२ मार्चलाच होते. पाडव्याची सुट्टी जोडून तिकिटं काढणाऱ्यांनी आधी तेवढं तपासा. गालुंगानच्या दिवसांत उलट, शिकवणारेच आपापल्या घरी गेलेले असतात आणि बरेच क्लास बंद राहतात, पण रस्तोरस्ती उंच वाकलेल्या बांबूंचे पेंजोर उभे असतात. तेव्हा क्लासचा नाद सोडा. ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांनाच विचारा की पहाटे मेबात बघायला आलं तर चालेल का.