सापळा रिकामा होता आणि आम्ही खूश होतो

परवा शहापूरहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. "ताई, महिना झाला, शेतातल्या सापळ्यात किडीचा एक पतंग नाही. औषध लागू पडलंय म्हणायचं ना?" मी विचारलं, बाटलीवर 'कीटकनाशक' असं कुठे छापलंय का बघा. त्या बघून आल्या. "नाही हो, टॉनिक लिहिलंय." म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर लाजेने गप्पच राहिले असते.

मी कळव्याला राहते. 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे लाज जरा जास्तच. माहेर मुरबाड तालुक्यातलं, काळू नदीच्या काठचं. भात कापला की तिकडे वांगी, कारली, भेंडी. निवृत्तीनंतर दर शनिवारी मी गावी जायला लागले आणि धाकट्या भावाच्या मागे लागले की आठवड्याला दोन-दोन फवारण्या बंद कर. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने हापूसबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची आयात थांबवली होती. आमच्याकडे अजून सगळे म्हणतात की ती बंदी औषधांच्या अंशामुळे आली. ती आली होती मालात सापडलेल्या फळमाशी आणि इतर किडींमुळे. एवढं फवारून कीड मालात राहतेच, हे भावाला पटवायला मला तेवढं एक उदाहरण पुरलं.

हळूहळू 17 जण तयार झाले. वांग्याचा पोखरलेला शेंडा मान टाकतो, तो अळीसकट खुडून नष्ट करायचा. बांधाला झेंडू, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे. राहिले होते कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे.

तेव्हा तो सापळे विकणारा आला. कुणाचा तरी भाचा त्याला घेऊन आला होता. कार्डावर तुर्भ्याचा पत्ता, बोलण्यात 'आर्थिक नुकसानीची पातळी', 'मित्रकीटक' असे शब्द. माझ्याच तोंडचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी पाघळले, दुसरं काय. त्याने पेरूच्या झाडाला एक सापळा टांगला. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत आत पंधरा-वीस फळमाश्या. म्हातारी माणसंसुद्धा उठून बघायला आली.

त्यात खोटं काहीच नव्हतं. ते मिथाइल युजेनॉल होतं. आंबा-पेरूवरच्या फळमाशीचे नर त्याच्या वासाला वेडे होतात. पण वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी वेगळी, तिला क्यू ल्यूर नावाचा दुसरा गंध लागतो. वांग्याच्या शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीचा तर पतंग असतो, त्याचा गंध आणखी वेगळा. पेरूवरच्या माश्या बघून वांग्यासाठी पैसे द्यायचे, याला काही अर्थ आहे का? हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारला असता. त्या दिवशी अंगणात नाही सुचला.

माणशी 2,300 रुपये, एकूण 39,100. त्यात सापळे, गोळ्या (वासाच्या रबरी कॅप्सूलला आमच्याकडे गोळीच म्हणतात) आणि दोन-दोन बाटल्या 'जैविक' औषध. पैसे एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने, पावती साध्या पॅडवर, परवाना क्रमांक नाही. अर्धं अनुदान नंतर खात्यात येईल म्हणून सातबारा आणि आधारच्या झेरॉक्सही घेऊन गेला. भाऊ म्हणाला होता, "ताई, आधी दोघा-तिघांनीच लावून बघूया का?" मी म्हटलं, सगळ्यांनी एकदम लावले तरच उपयोग होतो. हे शास्त्र खरं आहे आणि त्याच खऱ्याने मी सतरा जणांना खड्ड्यात घातलं.

सापळे लागले. पहिल्या आठवड्यात पतंग शून्य. दुसऱ्या आठवड्यात शून्य. आम्हाला वाटलं, पतंगच नाहीत! शेंडे खुडणं ढिलं पडलं. सापळ्याची खरी गोम इथे आहे. औषध बनावट निघालं तर कीड डोळ्यांसमोर मरत नाही. गोळी बनावट निघाली तर सगळं आलबेल दिसतं.

तिसऱ्या आठवड्यात तोडलेल्या वांग्यांत भोकं दिसली. फोन केला, तर तो म्हणाला, आता बाटलीतलं मारा. संध्याकाळी फवारलं, सकाळी अळ्या, तुडतुडे, मावा सगळं खाली. लोकांनी मला शाबासकी दिली. तो म्हणाला होता की हे बिव्हेरिया बुरशीचं औषध आहे. बुरशी किडीच्या अंगावर रुजते, आत वाढते, किडीला मरायला काही दिवस लागतात. हवेत ओल असेल तर मेलेल्या किडीवर पांढरी बुरशी दिसते. आमच्या किडी रात्रीत मेल्या आणि अंगावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. शिवाय त्यांच्यात मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरेही उताणे पडलेले. भावाने तळहातावर घेऊन दाखवले. मी म्हटलं, असतील एखाद-दोन.

पंधरा दिवसांनी पानं मागून फिकट, जाळी धरलेली. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. त्याला खाणारे सगळे आम्हीच मारले होते. त्याच सुमारास वाशीच्या एका व्यापाऱ्याने नमुना तपासला, त्यात सायपरमेथ्रीन हे रासायनिक कीटकनाशक निघालं. आमच्या वहीत त्या नावाची एकही फवारणी नव्हती. बाहेर जायचा माल वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकला.

मग गोळ्यांची परीक्षा घेतली. ती आधी घ्यायची होती. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून वांग्याची खात्रीची गोळी आणली आणि आमच्या सापळ्यापासून थोड्या अंतरावर टांगली. सकाळी तिच्यात 11 पतंग, आमच्यात एकही नाही. नुसतं रबर.

तुर्भ्याच्या पत्त्यावर गेलो तर तिथे कुरिअरवाल्याचा गाळा. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते. तालुका कृषी अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात जैविक औषधालाही नोंदणी लागते. डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत, विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण हवा. बुरशीचं औषध असेल तर सीएफयूचा, म्हणजे त्यात जिवंत बुरशी किती आहे त्याचा, आकडाही. आमच्या बाटलीवर पानाफुलांचं चित्र आणि 'वनस्पतींचे टॉनिक'. अळीवर चालतं हे तो फक्त तोंडाने बोलला होता, छापलं कुठेच नव्हतं. साहेब म्हणाले, "ताई, सीलबंद बाटली आहे का एखादी?" 34 बाटल्यांपैकी एकच उरली होती, तीही एका आजोबांनी गुडघेदुखीमुळे फवारणी टाळली म्हणून.

ती नमुना म्हणून गेली आहे. अहवाल अजून नाही. झेरॉक्स कुठे आहेत, देव जाणे. सतरांपैकी सहा जण पुन्हा दुकानदाराच्या औषधावर गेले, आणि माझ्याशी बोलतात पण सापळ्यांचा विषय काढत नाहीत. शहापूरच्या बाईंना सांगितलंय की उरलेल्या बाटल्यांचं बूच उघडू नका.