टचपॅड बदलायला गेलो, बॅटरी बदलून आलो (४ स्टार)

सोलापूरच्या नवी पेठेत गाडी लावायची बोंब आहे ती आहेच पण लॅपटॉपचं काम असेल तर ह्याच दुकानात जावा, कारण हा माणूस आधी बघतो आणि मग बोलतो.

माझा टचपॅड पार मेला होता, बोट फिरवून दमलो तरी बाण जागचा हलंना आणि क्लिक तर दाबतच नव्हतं. घरी करायचं ते सगळं करून झालेलं, फंक्शनचं बटण, सेटिंग, ड्रायव्हर (टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, रिस्टार्ट तर विचारूच नका. दुसऱ्या एका दुकानात लॅपटॉप न उघडताच "पॅड गेलाय, नवीन टाकावा लागंल" म्हणून साडेचार हजार सांगितले, वर चार दिवस ठेवून जा म्हणे.

इथं त्यानं आधी बायोस उघडलं, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची लॅपटॉपची स्वतःची सेटिंगची स्क्रीन. माझ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये माऊस चालतो, आणि तिथं विंडोज नसतंच, मग तिथं पण बाण हलत नसेल तर ड्रायव्हरला शिव्या घालून उपयोग नाही, दोष आतच. मग लॅपटॉप बंद करून काचेच्या काउंटरवर ठेवला, "मालक, जरा वाकून बघा" म्हणाला, तर एक कोपरा अधांतरी! टेबलावर डुगडुगतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण टेबलच वाकडं असंल म्हणून सोडून दिलेलं. खालचं झाकण काढलं तर बॅटरीचा एक सेल उशीसारखा टम्म फुगलेला, बरोबर टचपॅडखाली, आणि तो पॅडला खालून वर रेटत होता. बॅटरी काढली, नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालू केला की बाण पळायला लागला. हे दाखवलं आणि मग पैशाचं बोलला, हे मला लय आवडलं.

त्याचं म्हणणं, जुन्या बॅटरीत गॅस धरतो, त्यात दिवसभर चार्जर लावलेला आणि आपल्या सोलापूरचं एप्रिल-मेचं चाळीसच्या वरचं ऊन. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती त्यानंच लावून दिली. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि घंटागाडीत तर टाकायचीच नाही, पेट घेते, ती त्यानं वेगळी ठेवून घेतली.

बॅटरी २,६०० ला पडली, सहा महिने वॉरंटी. कंपनीची नाही हे स्वतःहून सांगितलं.

एक स्टार कापला कारण चारला देतो म्हणाले आणि हातात पडला साडेआठला, तोवर बसायला साधं स्टूल नाही, बाहेर उभारून चहावर चहा. आणि जायच्या आधी मॉडेल नंबर सांगून बॅटरी आहे का ते फोनवर विचारा, माझी स्टॉकला होती म्हणून त्याच दिवशी झालं, दोस्ताची पुण्याहून मागवावी लागली.