पाडव्याची तयार बेवू-बेल्ल पुडी: गोड भरपूर, कडू नावाला

पाडवा जवळ आला की बेळगावच्या बाजारात साखरेच्या माळांशेजारी बेवू-बेल्लाच्या तयार पुड्या दिसायला लागतात. कन्नड घरात बेवू-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ; मराठी घरात कडुनिंबाची चटणी. पुडी मात्र दोघांना एकच. घोळ इथूनच सुरू होतो. आपल्या चटणीत गुळासोबत चिंच, ओवा, हिंग, मिरी, मीठ लागतं. कन्नड पद्धतीत कडुनिंब आणि गूळ मुख्य, वर पुठाणी, म्हणजे भाजलेलं डाळं. उत्तर कर्नाटकात बरेच जण ते चिंचगुळाच्या पाण्यात कालवून पेल्यातून पितात. पुडीत गूळपूड, पुठाण्याचं पीठ आणि थोडी हिरवट भुकटी. ओवा नाही, म्हणजे चटणी नव्हेच.

खरी तक्रार कडूपणाची. जिभेला आधी गूळ लागतो, मग गूळच. येणाऱ्या वर्षाचं सुख आणि दुःख एकाच घासात, निवड न करता घ्यायचं म्हणून तर हे खायचं. मुलं तोंड वाकडं करतात म्हणून कडू कमी करायचं असेल, तर सरळ श्रीखंडच वाढावं.

भुकटी जून पानांची आणि उन्हात वाळवलेली वाटते: रंग उडालेला, वास वाळल्या गवताचा. फुलोरा सावलीत वाळवला तर त्याचा मंद सुवास टिकतो. शिवाय गूळ ओल धरतो, पुडीत गठ्ठे होतात आणि बारीक भुकटी तळाला बसते. पहिल्याला सगळं गोड, शेवटच्याच्या वाट्याला सगळं कडू!

घेतलीच असेल तर परातीत ओतून गठ्ठे फोडा. ४ चमचे पुडीला १ चमचा ताजी फुलं, ५-६ कोवळी तांबूस पानं वाटून आणि चिमूटभर ओवा घाला. घरीच करायची तर चौघांना फुलं २ चमचे, पानं ८-१०, चिरलेला गूळ पाव वाटी, सुपारीएवढी भिजवलेली चिंच, ओवा पाव चमचा, २ मिरी, हिंग, मीठ. फुलांचे देठ काढा, नाहीतर चोथा लागतो. गूळ तपकिरी घ्या; पिवळाधमक बहुधा पावडर मारून उजळलेला असतो.

झाड जवळ नसलेल्यांना, किंवा परगावी पाठवायला पुडी चालेल. पाचपैकी दोन गुण. बाकीच्यांनी गुढीला डहाळी आणताना फुलोऱ्याची बघून घ्यावी आणि बांधण्याआधी चार तुरे बाजूला काढावेत.